शिट्टीमागचं : ‘मुद्दाम केलं का?’

प्लेऑफचे, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे, दिवस आले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी ‘ट्रॅव्हलिंग म्हणजे नक्की किती पावलं?’ असं सौम्यपणे विचारणारी माणसं एकदम सरकारी वकील होतात. अमक्याला बाहेर का काढलं नाही, तमक्याला का काढलं, उत्तर द्या! अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे हे सामने आपल्याकडे भल्या पहाटे दिसतात, त्यामुळे कित्येक पत्रांत अपुऱ्या झोपेची चिडचिडही उतरलेली असते. या खेपेला गंभीर फाउलबद्दलचीच पत्रं घेतली आहेत. मी जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर सव्वीस वर्षं शिट्टी फुंकली. एनबीएचं मैदान मात्र टीव्हीवरच पाहिलंय, हे आधीच सांगून टाकतो.

सर, २०२४ च्या पहिल्या फेरीतला फिलाडेल्फिया विरुद्ध न्यूयॉर्क हा तिसरा सामना मी परवा पुन्हा पाहिला. खाली पडलेल्या जोएल एम्बीडने वर उडी घेणाऱ्या मिचेल रॉबिन्सनचे पाय धरले. रेफरींनी व्हिडिओ पाहिला आणि तरी फक्त ‘फ्लॅग्रंट वन’ दिला. मग त्याच एम्बीडने ५० पॉइंट मारून सामना काढला. त्याने हे मुद्दाम केलं, एवढंही रेफरींना दिसलं नाही का? (एक वाचक, ठाणे)

दिसलं असणार. न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण ‘मुद्दाम केलं का?’ हा प्रश्न तुमचा आहे, नियमाचा नाही.

एनबीएच्या नियमपुस्तकात फ्लॅग्रंट फाउल दोन शब्दांवर उभा आहे. धक्का अनावश्यक असेल तर फ्लॅग्रंट वन. अनावश्यक असून वर अतिही असेल तर फ्लॅग्रंट टू. दोन्हींत समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट), आणि ते झाल्यावर बॉलही त्यांचाच. टू मिळाला तर खेळाडूने कपडे बदलायला जायचं. एकाच सामन्यात दोनदा वन मिळाला तरी तीच वाट. या सगळ्यात खेळाडूच्या मनात काय होतं, हे कुणी विचारलेलं नाही.

ते बरंच आहे, असं माझं मत. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला फाउल करतो, तो शंभर टक्के मुद्दामच असतो. मनगटावर हलकी चापट, शिट्टी, संपलं. त्याला कुणी फ्लॅग्रंट म्हणत नाही. उलट एखादा पोरगा खरोखर शॉट अडवायला झेपावतो, क्षणभर उशिरा पोचतो आणि त्याचा हात समोरच्याच्या तोंडावर बसतो. त्याच्या मनात पाप नसतं, तरी तो फ्लॅग्रंट होऊ शकतो. मन वाचायला बसलो असतो तर माझी सव्वीस वर्षं पहिल्याच क्वार्टरमध्ये संपली असती.

मग मॉनिटरपाशी उभे राहून ते तिघं रेफरी काय बघतात? धक्का किती जोराचा होता. खेळाडू खेळाचीच काही हालचाल करत होता का, म्हणजे बॉलकडे जात होता की नुसता माणसाकडे. हात मागे घेऊन मारला का, आणि लागल्यावरही तो पुढे ढकलत नेला का. डोक्याला लागलं का, किंवा ज्याला लागलं तो हवेत, स्वतःला सावरता न येण्याच्या अवस्थेत होता का. दुखापत किती झाली. त्यातून हाणामारी पेटली का. शेवटचे दोन मुद्दे मला कायम खटकत आलेत. एकाच प्रकारचा धक्का, एक जण उठून कपडे झटकतो, दुसऱ्याचं हाड मोडतं. रेफरीने हाडाच्या मजबुतीवरून निर्णय बदलायचा? पण नियम तसा आहे, आणि तो वापरणाऱ्यांना दोष देता येत नाही.

त्या सामन्याचं म्हणाल, तर क्रू चीफने, म्हणजे तिघांतल्या मुख्य रेफरीने, नंतर पत्रकारांना दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की धक्का अनावश्यक होता, पण ‘अति’पर्यंत पोचला नाही, यावर तिघांचं एकमत होतं. मी तिथे असतो तर टू दिला असता. रॉबिन्सनचे पाय जमीन सोडत होते, आणि उडणाऱ्या माणसाचे पाय खालून धरण्यात बास्केटबॉलची कोणती हालचाल आली? पण माझं मत आणि त्यांची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही रेषा फूटपट्टीने आखलेली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी याच फिलाडेल्फियाच्या ब्रुकलिनविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात पाहा. निक क्लॅक्स्टन पडलेल्या एम्बीडच्या अंगावरून ओलांडून गेला, एम्बीडने खालून लाथ झाडली, फ्लॅग्रंट वन, खेळत राहिला. नंतर त्याच सामन्यात जेम्स हार्डनचा हात रॉइस ओनीलला नको त्या जागी लागला, फ्लॅग्रंट टू, बाहेर. नुसता धक्का किती जोराचा हे बघितलं तर हे उलटं व्हायला हवं होतं, असं म्हणणारे खूप होते. मीही त्यातलाच.

आणि ५० पॉइंटचं काय? ते फाउलनंतर झाले हो. पहिल्या क्वार्टरमध्ये शिट्टी वाजवताना चौथ्या क्वार्टरचा स्कोअर कुठून दिसणार?

मी एडिसनला राहतो आणि न्यूयॉर्कला जाताना कधीकधी सिकॉकसला गाडी बदलतो. एनबीएचं रिप्ले सेंटर त्याच गावात आहे म्हणे. मग खरा निर्णय तिथे बसलेली माणसं करतात आणि मैदानावरचे नुसते हेडफोन लावून ‘हो हो’ म्हणतात, असं आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

हेवा वाटला तुमचा. ते केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं. देशभरातल्या सगळ्या मैदानांवरचे कॅमेरे तिथल्या पडद्यांवर दिसतात. पूर्वी टीव्हीवाले जो रिप्ले देतील त्यावर रेफरींना भागवावं लागायचं. आता हवा तो कोन क्षणात पुढे येतो.

सगळ्या निर्णयांना एकच पद्धत मात्र नाही. शॉट घड्याळ संपायच्या आत सुटला की नंतर, सुटताना पाय तीन पॉइंटच्या रेषेवर होता की मागे, असल्या गोष्टींना उत्तर एकच असतं, ते पडद्यावरून कुणीही सांगू शकतो. फ्लॅग्रंट तसा नाही. तिथे सिकॉकसची माणसं कोन दाखवतात, हवं तिथे चित्र थांबवून देतात, पण वन की टू हे मैदानावरचा क्रू चीफ आपल्या दोन सोबत्यांशी बोलून ठरवतो. धक्क्याचा आवाज त्याने ऐकलेला असतो. हसू नका, आवाजावरून खूप कळतं.

आता तुमच्या शेजारच्या केंद्राविरुद्ध एक तक्रार करतो. स्लो मोशनमध्ये प्रत्येक फाउल खून वाटतो. कोपर गालाला लागताना गाल लाटेसारखा हलताना दिसतो आणि बघणाऱ्याचा जीव वर येतो. तेच दृश्य नेहमीच्या वेगात पाहिलं की दोन माणसं एकमेकांना घासून गेली एवढंच. मला विचाराल तर आधी पूर्ण वेगात पाहावं, मग हळू, आणि निर्णय द्यायच्या आधी पुन्हा एकदा पूर्ण वेगात.

२०१६ च्या फायनलमध्ये ड्रेमंड ग्रीनला पाचव्या सामन्यातून बसवलं नसतं तर गोल्डन स्टेट जिंकलंच होतं. मैदानावर रेफरीने फ्लॅग्रंट दिला नव्हता, मग ऑफिसात बसलेल्यांना मागाहून तो द्यायचा अधिकार कुणी दिला? (दोन मित्र, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

जखम दहा वर्षांची दिसतेय आणि अजून ओली आहे.

अधिकार नियमानेच दिलाय. प्रत्येक फ्लॅग्रंट लीगच्या कार्यालयात पुन्हा पाहिला जातो. वनचा टू होतो, टूचा वन होतो, मैदानावर सुटलेला मागाहून लागतो, लागलेला पुसलाही जातो. शिवाय वनला एक आणि टूला दोन असे दंडाचे गुण साठत जातात. साखळी हंगामात पाचाच्या वर गेलात की निलंबन. प्लेऑफला पाटी कोरी होते, पण मर्यादाही खाली येते. तीनपर्यंत ठीक, चौथा गुण लागला की पुढचा सामना घरी.

ग्रीनचं खातं कसं भरलं ते बघा. पहिल्या फेरीत ह्यूस्टनच्या मायकल बीझलीला खाली खेचलं, एक. ओक्लाहोमा सिटीच्या स्टीव्हन अॅडम्सला भलत्या जागी लाथ बसली. मैदानावर तो वन होता, कार्यालयाने टू केला, झाले तीन. म्हणजे फायनल सुरू झाली तेव्हा हा माणूस काठावर उभा होता, आणि हे त्याला, प्रशिक्षकाला, आपल्याकडे पहाटे उठणाऱ्या तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चौथ्या सामन्याच्या शेवटाकडे लेब्रॉन जेम्स पडलेल्या ग्रीनला ओलांडून गेला आणि ग्रीनने खालून हात फिरवला. एरवी ही किरकोळ चकमक. कार्यालयाने त्याला वन दिला, लेब्रॉनला टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाउल. चार झाले.

सात सामन्यांच्या मालिकेत गोल्डन स्टेट ३-१ ने पुढे होतं. साखळीत ७३ सामने जिंकलेला संघ. पाचवा सामना ओकलंडमध्येच होता आणि ग्रीन शेजारच्या बेसबॉल स्टेडियमात बसून तो पाहत होता. लेब्रॉन आणि कायरी अर्विंग यांनी त्या रात्री प्रत्येकी ४१ पॉइंट मारले. क्लीव्हलँडने मग उरलेले दोन्ही सामनेही घेतले. ग्रीन असता तर? असता तर काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. पण सहाव्या आणि सातव्या सामन्यात तो होता, हे तुम्ही पत्रात लिहायला विसरलात.

मला ग्रीनपेक्षा जास्त हळहळ दुसऱ्यांची वाटते. २००७, फिनिक्स विरुद्ध सॅन अँटोनियो, चौथा सामना. शेवटच्या काही सेकंदांत रॉबर्ट हॉरीने स्टीव्ह नॅशला कमरेने असा धक्का दिला की नॅश स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला. फ्लॅग्रंट टू, हॉरी बाहेर, पुढे दोन सामने निलंबन. इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण बाचाबाची सुरू झाली तसे फिनिक्सचे अमारे स्टूडमायर आणि बोरिस डिऑ बाकावरून उठून काही पावलं पुढे आले. कुणाला हातही लावला नाही. नियम सांगतो, मैदानात झटापट चालू असताना बाक सोडला की किमान एक सामना बाहेर. दोघंही बसले. फिनिक्स पाचवा सामना तीन पॉइंटांनी हरलं आणि मालिकाही गेली. म्हणजे गुन्हा सॅन अँटोनियोच्या माणसाचा आणि जास्त भुर्दंड फिनिक्सला. इथे तारतम्याला जागाच ठेवलेली नाही, कारण एकदा दोन्ही बाक मैदानात उतरले की तीन रेफरी काय करणार? नियम मला पटतो. ती मालिका मात्र पटत नाही.

ऐंशीच्या दशकात माझे थोरले बंधू बॉस्टनहून सामन्यांच्या कॅसेट आणत. १९८४ च्या फायनलमध्ये केव्हिन मॅकहेलने कर्ट रॅम्बिसला गळ्याला हात घालून आडवं केलेलं मी पाहिलंय, आणि मॅकहेल खेळत राहिला. आज हातात हात अडकला तरी तिघं टीव्हीसमोर जमतात. खेळ मवाळ झाला असं तुम्हाला वाटत नाही का? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, तो फाउल मीही कॅसेटवरच पाहिला, आणि तेव्हा टाळ्या वाजवल्या. वय तसं होतं. रॅम्बिस एकटा लेअपला, म्हणजे रिंगजवळ जाऊन सोपा शॉट टाकायला, चाललेला, मॅकहेलने हवेतच त्याच्या मानेला आडवा हात घातला. दोन्ही संघ धावून आले. शिक्षा काय? साधा फाउल आणि दोन फ्री थ्रो. फ्लॅग्रंट नावाचा कप्पा तेव्हा नियमात नव्हताच. बॉस्टन मालिकेत १-२ ने मागे होतं, तो सामना त्यांनी जादा वेळेत १२९-१२५ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही. त्या हाताने मालिका फिरली, असं आजही म्हणतात. तुम्ही जे मर्दानी म्हणून आठवता, ते माझ्या लेखी असं आहे की एका फाउलची किंमत दोन फ्री थ्रो होती आणि मिळकत एक फायनल.

त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट तुमच्या कॅसेटमध्ये नसेल. ९ डिसेंबर १९७७, लॉस एंजलिस. केर्मिट वॉशिंग्टनची एकाशी जुंपली होती, मागून रुडी टॉमजॅनोविच धावत आला, वॉशिंग्टनने वळून ठोसा मारला. टॉमजॅनोविचच्या कवटीचं हाड मोडलं. साखळीतला साधा सामना होता तो. मैदानावर तेव्हा रेफरी दोनच असत. पुढच्या हंगामात लीगने तिसरा रेफरी आणून पाहिला, परवडत नाही म्हणून एका वर्षात काढला, आणि १९८८-८९ पासून कायमचा आणला.

तिसऱ्या माणसाचं महत्त्व मी स्वतःच्या कातडीवर शिकलो. आंतरमहाविद्यालयीन फायनल, सिमेंटचं मैदान, दिवेलागणीची वेळ, रेफरी आम्ही दोघं. मी बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर होतो. डावीकडून एक मुलगा लेअपला उठला आणि मी त्याच्या हातातला बॉल बघत राहिलो. बॉल रिंगवर फिरतोय, जातोय की नाही, सगळं मैदान तेच बघत होतं आणि मीही. खाली बचाव करणारा कधी त्याच्या पायांखाली शिरला ते मला दिसलंच नाही. मुलगा मनगटावर पडला. मी साधा फाउल दिला, दोन फ्री थ्रो. ते त्याला मारताच आले नाहीत, मनगट मोडलं होतं. बॉल बघायला शेकडो डोळे असतात, रेफरीला तिथे उभं केलेलं असतं ते माणसं बघायला. हे मला पुस्तकातून आधीच माहीत होतं. आज एनबीएत एक जण बेसलाइनवर, एक बाजूला, एक मागे असे उभे असतात आणि प्रत्येकाने कुठला तुकडा बघायचा हे ठरलेलं असतं. आमच्याकडे त्या संध्याकाळी तिसरा असता तर कदाचित त्याला ते पाय दिसले असते.

त्यामुळे मवाळ झाला म्हणालात तरी चालेल.

मोठ्या खेळाडूंना रेफरी सांभाळून घेतात, खरं ना? एका वाक्यात सांगा. (पोस्टकार्ड, गावाचं नाव पुसलेलं)

मैदानावर थोडंफार होत असेल, माणसंच आहेत. पण कार्यालयात कधीकधी बरोबर उलटं होतं. २०२३ मध्ये याच ग्रीनने सॅक्रामेंटोच्या डोमँटस सबोनिसच्या छातीवर पाय दिला तेव्हा रेफरींनी त्याला बाहेर काढलं, आणि पुढच्या सामन्याचं निलंबन देताना लीगने त्याचा पूर्वेतिहास हे एक कारण म्हणून उघड सांगितलं. एका वाक्यात बसलं नाही, माफ करा.

काका, मी नववीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये शूटर आहे. झोनच्या मॅचमध्ये मी तीनच्या लाइनवरून शॉट मारला आणि खाली येताना समोरच्या मुलीच्या बुटावर पाय पडून घोटा मुरगळला. सरांनी नुसता फाउल दिला. ती म्हणाली, ‘मी मुद्दाम नाही केलं.’ मग सरांचं बरोबर का? (सातारा)

आधी घोटा कसा आहे ते कळव. सूज उतरायच्या आत कोर्टवर जाऊ नकोस, कोच काहीही म्हणोत.

तुझ्यासारखंच एका फार मोठ्या खेळाडूला झालं होतं. २०१७ मध्ये सॅन अँटोनियोचा क्वाय लेनर्ड शॉट मारून खाली आला तो गोल्डन स्टेटच्या झाझा पाचुलियाच्या पायावर. घोटा गेला. तेव्हा त्याचा संघ २३ पॉइंटांनी पुढे होता. तो सामना ते दोन पॉइंटांनी हरले आणि लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा खेळला नाही. पाचुलियाला मिळाला साधा फाउल, तुझ्या मॅचसारखाच. तोही म्हणाला, मुद्दाम नाही. खरं असेल किंवा नसेल, पण पुढच्या हंगामापासून एनबीएने रेफरींना सांगितलं की शूटरच्या उतरण्याच्या जागेत बेफिकिरीने पाय घातला तर मॉनिटरवर बघा आणि वाटलं तर फ्लॅग्रंट द्या. मुद्दाम होतं की नव्हतं, ही भानगडच ठेवली नाही.

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम चालतात. त्यात फ्लॅग्रंट हा शब्द नाही, ‘अनस्पोर्ट्समनलाइक’ फाउल असतो. असे दोन झाले की बाहेर, आणि फारच रानटी असेल तर पहिल्याच वेळी डिसक्वालिफाय. तू ज्या जागेवरून उडालीस तिथेच परत उतरायचा तुला हक्क आहे, आणि तू हवेत असताना ती जागा कुणाला घेता येत नाही. त्यामुळे सरांनी फाउल दिला हे नक्कीच बरोबर. त्याहून मोठा द्यायला हवा होता का? ती मुलगी शॉट अडवायला येऊन स्वतःच्या जागी उतरली आणि तुझा पाय पुढे गेला, की ती तुझ्या खाली शिरली, हे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. शाळेच्या मॅचला रिप्ले नसतो. सरांना ते एकदाच, चालू खेळात, दिसलं. बहुतेक तुझ्या शॉटकडे बघत असतील. मीही एकदा असंच केलं होतं, वरच्या पत्रात लिहिलंय.

पुढच्या वेळी शॉट मारताना पुढे तरंगत जाऊ नकोस, सरळ वर जा आणि सरळ खाली ये. म्हणजे कोण कुणाच्या जागेत आलं याबद्दल शंका राहत नाही. आणि सरांनी शिट्टी मारून डोक्यावर एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, तर समज की मोठा फाउल आहे. तेव्हा बाकीच्या सगळ्यांना मागे पाठवतात. रिबाउंडला, म्हणजे चुकलेला बॉल पकडायला, बाजूला कुणी उभं राहत नाही, तू एकटीच लाइनवर असतेस, आणि तीनच्या शॉटवर झाला असेल आणि तो चुकला असेल तर तीन फ्री थ्रो. ते चुकवू नकोस.